खाडीपाशी थांबणारा रस्ता

मे महिन्याच्या सुट्टीत चार दिवस कोकणच्या किनाऱ्याने फिरून यावे, असा बेत आम्ही चौघांनी केला तेव्हा त्यात इतिहासाचा काही संबंध असेल असे आमच्या मनातही नव्हते. चौघेही शिक्षक. एक जुनी मोटार, माणशी सहा हजार रुपयांची मर्यादा आणि एक दोनशे पानी वही, एवढीच सामग्री. वहीच्या पहिल्या पानावर मार्ग लिहिला: पुण्याहून ताम्हिणी घाटाने हरिहरेश्वर, तेथून केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, मग जयगड, गणपतीपुळे आणि रत्नागिरी, परतताना आंबा घाट. सातशे-साडेसातशे किलोमीटर. दुसऱ्या पानावर खर्चाचे रकाने आखले: पेट्रोल, मुक्काम, जेवण आणि किरकोळ. फेरीबोटीचे भाडे आम्ही या ‘किरकोळ’ रकान्यात टाकले होते. आमची चूक तेथेच झाली होती. हिशेबातली कमी, समजुतीतली अधिक.

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रवासात आम्ही संध्याकाळी दाभोळच्या धक्क्यावर पोहोचलो, तेव्हा दिवसाची शेवटची फेरी सुटून गेली होती. समोर धोपाव्याचे दिवे दिसत होते. फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटांचे अंतर. रस्त्याने जायचे तर दापोली, खेड, चिपळूण असे फिरून गुहागर गाठायचे. म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक वळसा. चूक सर्वस्वी आमची होती, कारण आम्ही नकाशा पाहिला होता पण वेळापत्रक पाहिले नव्हते. त्या रात्री वळसा घालताना आमच्यापैकी एकजण वैतागून म्हणाला, “ही खाडी मध्ये नसती तर!” यंदा वही उघडली तेव्हा ते वाक्य पुन्हा आठवले. या किनाऱ्याकडे पाहण्याची आपली सारी दृष्टी त्या ‘मध्ये’ या एका शब्दात साठवली आहे, असे आता वाटते. खाडी कोणाच्या मध्ये येते? रस्त्याच्या. पण जेव्हा रस्ताच नव्हता तेव्हा ती कोणाच्या मध्ये येत होती?

सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र फार दूर नाही. पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या लांबीने आखूड आहेत. मात्र त्यांच्या मुखातून भरतीचे पाणी कित्येक कोस आत शिरते. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, शास्त्रीच्या मुखाशी जयगड. पुढे पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग अशी ही माळ दक्षिणेकडे जाते. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे उघडे सडे आणि खोल उतरणी. अशा प्रदेशात किनाऱ्याला समांतर गाडीवाट होणे कठीणच होते, आणि तिची फारशी गरजही नव्हती. गलबते आणि मचवे भरतीबरोबर आत येत. बांधापाशी माल उतरे. तेथून तो बैलांच्या पाठीवर घाट चढे. समुद्र हा उत्तर-दक्षिण राजमार्ग होता आणि प्रत्येक खाडी ही त्याची देशाकडे वळणारी शाखा होती.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ही ग्रीक भाषेतली दर्यावर्दी पुस्तिका या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिचा कर्ता कोण हे ठाऊक नाही. परंतु तिच्यात या किनाऱ्यावरची बंदरे उत्तरेकडून दक्षिणेकडे एकामागून एक अशी सांगितली आहेत की आमच्या वहीच्या पहिल्या पानाचीच आठवण यावी. त्यातले सेमुल्ला म्हणजे आपले चौल, हे अभ्यासकांनी सर्वसाधारणपणे मान्य केले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या यादीत आणि आमच्या यादीत फरक एवढाच की त्या यादीत दोन बंदरांच्या मध्ये काहीच ‘येत’ नव्हते. आमच्या यादीत तीनदा रस्ता पाण्यापाशी संपत होता.

या तीन ठिकाणांचाच विचार आम्ही क्रमाने करू लागलो.

पहिली सावित्रीची खाडी. हरिहरेश्वरहून बागमांडल्याला यावे, फेरीबोटीने पलीकडे वेश्वीला उतरावे, की बाणकोट जवळच. बाणकोटचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला तो अठराव्या शतकाच्या मध्यावर, पेशवे आणि आंग्रे यांच्या वितुष्टाच्या काळात. त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. खाडीचे तोंड ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती महाडपर्यंतचा व्यापार, हे उघड होते. पण या खाडीच्या इतिहासातला आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रवास किल्ल्यांचा नाही. तो १९२७ च्या डिसेंबरातला आहे.

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरणार होती. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे प्रतिनिधी २४ डिसेंबरला मुंबईहून निघाले ते बोटीने, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सावित्रीच्या खाडीतल्या दासगाव बंदरावर उतरले. मुंबईहून महाडला जाण्याचा दुसरा मार्गही होता: धरमतरपर्यंत बोट आणि तेथून मोटार. तो का टाळला याचे कारण चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला, गाडीत घेण्यास नकार दिला, तर धरमतरहून महाडला पायी जाणे अशक्यप्राय होते. दासगावहून महाड अवघे पाच मैल. तेवढे चालता येते.

हे वाचून आम्ही वहीतल्या आमच्या आराखड्याकडे पुन्हा पाहिले. प्रवासाचा बेत म्हणजे काय, मार्गाची निवड म्हणजे काय, याचा याहून गंभीर अर्थ आम्हांला ठाऊक नव्हता. आम्ही मार्ग निवडत होतो तो कोठले मासे चांगले आणि कोठली खोली स्वस्त यावरून. त्यांनी मार्ग निवडला तो आपल्याला कोणी अडवू शकणार नाही अशी वाट कोणती, यावरून. सार्वजनिक तळ्याचे पाणी नाकारणाऱ्या समाजात सार्वजनिक रस्त्याची मोटारही नाकारली जाऊ शकते, हे त्यांनी गृहीत धरले होते. आणि पाण्याची वाट अधिकात अधिक आत नेऊन उरलेले अंतर स्वतःच्या पायांवर सोपवले होते. या निर्णयात आणखी एक धैर्य आहे. त्याआधी अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी मुंबईजवळच्या समुद्रात बुडाल्या होत्या. ती बातमी ताजी असताना हे लोक बोटीत चढले. त्याच २५ डिसेंबरच्या रात्री महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. इतिहासाच्या पुस्तकांत ती रात्र आहे. तिच्या आधीची खाडी मात्र बहुधा नसते.

दुसरी खाडी दाभोळची. बहामनी काळात आणि पुढे आदिलशाहीत दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे येथून सुटत. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज विजरई आल्मेदा याने ते निर्दयपणे जाळले आणि लुटले. किनाऱ्यालगतची जुनी दगडी मशीद आजही त्या वैभवाची खूण दाखवते. विसाव्या शतकाच्या शेवटी ‘दाभोळ’ हे नाव पुन्हा जगभर गाजले ते वीजप्रकल्पामुळे, आणि तो प्रकल्प तर खाडीच्या दुसऱ्या तीरावर आहे. गाव मात्र रस्त्याच्या शेवटचे गाव होऊन राहिले.

हे का झाले ते पाहण्यासाठी नकाशावर बोट जरा पूर्वेकडे सरकवावे लागते. मुंबई-गोवा महामार्गावरची गावे क्रमाने घ्या: महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर. यांतले जवळजवळ प्रत्येक गाव एकेकाळी खाडीच्या आतल्या टोकाचे बंदर होते. चिपळूणला गोवळकोटचा धक्का होता. राजापूरला सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, ती शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये लुटली. गलबत जेथे थांबे आणि बैल जेथे निघे, अशा सांध्यावर ही गावे वसली. पुढे महामार्गाला खाड्या ओलांडायच्या होत्या, आणि खाडी जेथे अरुंद होऊन नदी होते तेथेच त्या ओलांडणे सोपे. साहजिकच रस्ता याच गावांवरून गेला. १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेही बहुतांशी याच पट्ट्यातून धावते. त्यामुळे आतली बंदरे रस्त्यावरची गावे होऊन तगली, आणि मुखावरची बंदरे म्हणजे बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर ही फाट्यावरून आत कित्येक किलोमीटर गेल्यावर लागणारी शेवटची ठिकाणे झाली. जे घराचे पुढचे दार होते ते मागचे झाले. आपण ज्याला ‘शांत, गर्दीपासून दूर असलेला किनारा’ म्हणतो, ती शांतता पुष्कळदा अशा दार बदलण्यातून आलेली असते.

मधल्या काळात, म्हणजे गलबते मागे पडल्यानंतर आणि रस्ते होण्याआधी, आगबोटीचे एक शतक होऊन गेले. ‘मे महिन्यातला स्वस्त कोकणप्रवास’ हा आपला शोध नाही हे त्या काळाकडे पाहिले की कळते. गेल्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत राबणारा चाकरमानी याच दिवसांत गावी येई. भाऊच्या धक्क्यावर ट्रंक आणि वळकटी घेऊन रांग लावायची, डेकवर जागा धरायची, आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असे करत आपले बंदर येईपर्यंत वारा खात बसायचे. बोट खोल पाण्यात उभी राही. तेथून पडावात उतरून किनारा गाठावा लागे. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. म्हणून मे महिना हा केवळ सुट्टीचा महिना नव्हता. दार लागण्यापूर्वीचा तो शेवटचा महिना होता. घराची शाकारणी, आंबे-फणस, राहिलेले लग्न, आजारी आई हे सारे त्या मुदतीत उरकून परतीची बोट पकडायची. आमच्या वहीतल्या ‘चार दिवस’ या मर्यादेला तसली कोणतीच धार नाही.

त्या स्वस्ताईची किंमतही मोठी होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ पावसाळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले होते, आणि रायगडच्या किनाऱ्यावरची कित्येक घरे त्या ऑगस्टमध्ये सुतकात होती. पुढेही बोटी चालू राहिल्या. ‘कोकणसेवक’ आणि ‘कोकणशक्ती’ ही नावे आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडी अजून आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती वाहतूकही थांबली. तोवर एस.टी. गावोगाव पोहोचली होती, आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्याच राहिल्या नव्हत्या. आज आम्ही ज्या वाटेने मौजेसाठी जाणार, तीच वाट मनीऑर्डरींची होती. दिशाही उलटली आहे: तेव्हा पैसा मिळवायला माणसे किनाऱ्यावरून जात, आता पैसा खर्च करायला माणसे किनाऱ्यावर येतात.

मुक्कामाचा रकाना भरताना हा बदल फार जवळून दिसला. आमच्या यादीतल्या एकाने ‘खोलीतून समुद्र दिसावा’ अशी अट घातली होती. गुहागर किंवा आंजर्ले अशा गावांची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना या अटीतली गंमत कळेल. तेथे एक लांब रस्ता, दुतर्फा घरे, आणि समुद्राकडच्या घरांच्या मागे थेट वाळूपर्यंत गेलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या. घराचे तोंड रस्त्याकडे आणि समुद्र परसदारी. खारा वारा आणि उधाण यांच्यापासून वाडी घराला राखते. घर समुद्राकडे टक लावून बसण्यासाठी बांधलेले नसते. वाळू ही मासे सुकवण्याची, होड्या ओढून ठेवण्याची जागा. समुद्र पाहण्यासाठी पैसे मोजणारा माणूस त्या रचनेत कोठेच बसत नव्हता. तो आला आणि वाड्यांत खोल्या उभ्या राहिल्या. निवास-न्याहारीच्या सोयीने अनेक घरांना हातभार लागला, हे खरे आहे. पण मे महिन्यात त्याच घरांच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात उन्हाळ्यात टँकर यावा, हा सह्याद्रीच्या उताराचा आणि जांभ्याच्या सच्छिद्रपणाचा जुना दोष. काटकसरीच्या प्रवासात पाणी हा रकाना आम्ही केला नव्हता. तो आता केला. त्यात रुपये लिहायचे नाहीत, बादल्या लिहायच्या.

तिसरी खाडी जयगडची. तवसाळला फेरीबोटीत चढावे आणि जयगडला उतरावे. एका बाजूला किल्ला, जवळच आजचे मोठे मालवाहू बंदर. याच शास्त्री नदीच्या वरच्या अंगाला संगमेश्वर आहे, जेथे १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले. आणि आमच्या प्रवासाचा शेवट ज्या रत्नागिरीत, तेथे ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये समुद्रमार्गे आणला गेला, तो १९१६ मध्ये तेथेच वारला. घाटावरून दुर्गम, पण इंग्रजी जहाजांना सहज गाठता येणारी जागा कैद्यासाठी सोयीची होती. दासगावचा समुद्र माणसांना मोकळी वाट देत होता. रत्नागिरीचा समुद्र एका राजाला कोंडून ठेवत होता. वाट कोणाची, हे तिच्यावर कोणाची सत्ता चालते यावरून ठरते. पाण्याच्या वाटेबद्दल हळवे होताना एवढे भान ठेवणे बरे.

या तिन्ही खाड्यांवर पूल व्हावेत ही कल्पना जुनी आहे. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाचे स्वप्न बॅ. अंतुले यांच्या नावाशी जोडलेले आहे. बाणकोटच्या खाडीतल्या पुलाचे काम कित्येक वर्षे अर्धवट रखडलेले आम्ही पाहिले आहे. अलीकडे या योजनेला पुन्हा गती आली आहे. पूल नकोत असे म्हणण्याचा अधिकार चार दिवसांच्या पाहुण्यांना नाही. रात्री अडलेल्या बाळंतिणीला फेरीबोटीचे वेळापत्रक सांगता येत नाही. तवसाळच्या मुलाला जयगडला नोकरी मिळाली तर त्याला पूल हवाच. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली तेव्हा मोटारी आणि ट्रक खाडी ओलांडू लागले, आणि स्थानिक लोकांच्या बोलण्यातली ही ‘जंगलजेटी’ दोन तालुक्यांची सोय झाली. पूल ही त्याच सोयीची पुढची पायरी आहे.

आमचे म्हणणे एवढेच की पूल झाल्यावर खाडी दिसेनाशी होईल. मोटारीतून ती एक-दोन मिनिटांत ओलांडली जाईल, आणि मराठी वाचकाच्या मनात कोकणचा जो भूगोल आहे तोही थोडा बदलेल. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीत पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार जगबुडी नदीच्या काठाने चालतो. ती नदी पुढे दाभोळच्याच खाडीला मिळते. नदी ही वाट होती हे ज्याला ठाऊक नाही त्याला तिथल्या घराची जागाच नीट कळणार नाही. नदी त्याला केवळ निसर्गवर्णन वाटेल. आमच्या वर्गात असे वाटणारे विद्यार्थी आहेत. दोष त्यांचा नाही. त्यांनी कोकण रस्त्यावरूनच पाहिले आहे. आम्हीही तसेच पाहत आलो.

म्हणून वहीतला बेत आम्ही नव्याने लिहिला. आता दिवसांची आखणी गावांवरून केलेली नाही, तीन खाड्यांवरून केली आहे. प्रत्येक खाडीपाशी फेरीच्या वेळेआधी तासभर पोहोचायचे आणि एक-दोन फेऱ्या मुद्दाम जाऊ द्यायच्या. तिन्ही फेऱ्यांचे भाडे मिळून चौघांच्या एका वेळच्या जेवणाच्या आसपास होते. ते ‘किरकोळ’मधून काढून स्वतंत्र रकान्यात लिहिले आहे. आणखी एक बदल केला. पहिल्या दिवशी माणगावहून सरळ समुद्राकडे न वळता आधी महामार्गाने दासगावला जायचे, खाडीच्या काठावर उतरायचे आणि तेथून महाडची दिशा पाहायची. जमले तर ते पाच मैल सकाळच्या उन्हात चालायचे. मोटार आमच्यातला एकजण पुढे आणील. या वळशाने तीस-चाळीस किलोमीटर वाढतात. त्या पेट्रोलचे पैसे आम्ही गुहागरच्या समुद्र दिसणाऱ्या खोलीतून वजा केले आहेत.